नऊ मिनिटांचा राक्षस

पार्सल आलं तेव्हा बाई खिडकीपाशी बसून उशीच्या अभ्र्याचं उसवलेलं टोक शिवत होत्या, आणि अचूकराव सकाळपासून दारातच उभे होते.

"आलं!" ते म्हणाले. "सांगितलेल्या दिवशी. वीस मिनिटं आधी. याला म्हणतात धंदा!"

"मग उघडा की," बाई म्हणाल्या.

हे अचूकरावांना ऐकू आलं नाही. पण चव्वेचाळीस वर्षं संसार केल्यावर अशा वेळी बायको काय म्हणेल ते ऐकावं लागत नाही. गेल्या वर्षी बाईंच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ गेली, पण जाताना आवाज बरोबर घेऊन गेली. उरला तो एवढाच, की समोरच्या खुर्चीपर्यंत जावा आणि तिथेच बसून घ्यावा. एके काळी हाच आवाज शाळेच्या मैदानापलीकडे पोचून, सायकलवरून पळणाऱ्या मुलाला खाली उतरवत असे. ती मुलं आता पन्नाशीला आली, तरी बाई समोर दिसल्या की गाडी बंद करून ढकलत नेतात.

नोकरी संपल्यावर बाई दर शनिवारी अकरा वाजता बालवाचनालयात गोष्ट सांगायच्या. पुस्तकातली नाही, स्वतः रचलेली. आवाज गेला तेव्हा शाळेतल्या एका जुन्या मैत्रिणीने आपला कमरेला लावायचा स्पीकर त्यांना देऊन टाकला. डबा पट्ट्याला, माइक तोंडाशी. झकास चालायचा. पण मागच्या महिन्यात त्याची बॅटरी गेली, आणि ती बनवणारी कंपनी तिच्याही आधी गेली होती. बाजारात कुठे मिळेना. शेवटी अचूकरावांनी चष्मा पुसून मोबाईलवर दोन दिवस शोध घेतला आणि ही बॅटरी मागवली.

अचूकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापे निरीक्षक म्हणून त्यांनी तेहतीस वर्षं काढली. बुडाला भोक पाडून बूच बसवलेली वजनं, दांडीला मेण लावलेले तराजू, पोचा आणून लहान केलेली तेलाची मापं, सगळं त्यांनी पकडलं. दुकानदाराचा चहा कधी घेतला नाही आणि खोटा दाखला कधी दिला नाही. घरातल्या प्रत्येक डब्यावर त्यांच्या अक्षरात लेबल होतं: साखर, इतकी, मीठ, इतकं. 'साधारण' हा शब्द त्यांनी घरातसुद्धा बंद करून टाकला होता. बाई चहा टाकताना विचारायच्या, "साधारण दोन कप करू का?" आणि ते म्हणायचे, "दोन म्हणजे दोन."

तर त्यांनी भिंग काढलं आणि बॅटरीचं लेबल मोठ्याने वाचलं. "अस्सल बदली बॅटरी. क्षमता अठ्ठेचाळीसशे. अखंड वापर आठ तास. बनवल्याचा महिना, वर्ष, पत्ता, तक्रारीसाठी क्रमांक. अहो, निव्वळ वजनसुद्धा छापलंय! ब्याण्णव ग्रॅम!"

लगेच कपाटातून पितळी काटा निघाला. बॅटरी पारड्यात बसली. ब्याण्णव ग्रॅम. एक कणही इकडेतिकडे नाही. मग जुनी बॅटरी ठेवली. तीही ब्याण्णव.

"बघा," ते भारावून म्हणाले, "आयुष्यात असं लेबल फार थोड्या वेळा पाहिलं मी."

"एकदा लावून बघू या ना," बाई समोरच्या खुर्चीशी येऊन म्हणाल्या.

"लावून काय बघायचंय? वाचलंय ना मी."

बॅटरी चार्जिंगला लावली तर बारा मिनिटांत हिरवा दिवा लागला. जुनीला तीन तास लागायचे. "चपळ आहे," अचूकराव म्हणाले, आणि त्याच आनंदात त्यांनी दुकानाच्या पानावर पाचपैकी पाच तारे देऊन लिहिलं: 'लेबल परिपूर्ण. वजन अचूक. — निवृत्त निरीक्षक, वजनमापे खाते.' त्यांचा फोटो तिथे आपोआप लागला. ऑफिसच्या कोटातला.

शनिवारी वाचनालयाचं दालन भरलं होतं. दालन लांबट, वर खडखडणारा पंखा, जमिनीवर पस्तीस मुलं. बाईंनी पट्टा बांधला, बटण दाबलं आणि गोष्ट सुरू केली. एक राक्षस होता. डोंगराएवढा. त्याला सगळं यायचं, फक्त कुजबुजता येत नव्हतं. त्यामुळे त्याला गुपित असं कधी ठेवताच आलं नाही. पण त्याच्या मनात एक गोष्ट होती, कोणाला तरी सांगावी अशी. शेवटी एक छोटी मुलगी त्याच्या तळहातावर चढली. पस्तीस मुलं पुढे सरकली. राक्षस तिच्या कानाशी वाकला, आणि म्हणाला...

काहीच म्हणाला नाही. बाईंचे ओठ हलत होते. पंखा खडखडत होता.

"ऐकू येत नाहीये!" मागून एक जण ओरडला.

"तो कुजबुजायला शिकला वाटतं," पुढची मुलगी म्हणाली.

अचूकरावांनी घड्याळ पाहिलं. नऊ मिनिटं झाली होती. आठ तासांना सात तास एक्कावन्न मिनिटं कमी.

मुलं पांगल्यावर ग्रंथपाल जवळ आली. हिला बाईंनीच दुसरीत पाढे शिकवले होते, त्यामुळे वाईट बातमी सांगतानाही ती हात मागे बांधून उभी राहिली. "बाई, मी काय करू सांगा. समितीने मोठा पडदा आणून ठेवलाय. म्हणतात, शनिवारी मुलांना सिनेमा दाखवा, मागच्यांनाही दिसेल. मी आतापर्यंत थोपवलंय. पुढच्या शनिवारी आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचला, तर मी परत बोलेन त्यांच्याशी. नाही पोचला तर..."

"कळलं," बाई म्हणाल्या.

घरी परतताना त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तरी रस्त्यावर ऐकू आलं नसतं, पण न बोलणं वेगळं असतं आणि ते अचूकरावांना बरोबर मोजता येत होतं. घरी आल्यावर बाईंनी पट्टा सोडून त्याची नीट गुंडाळी केली, कायमची वस्तू ठेवतात तशी. "पुरे झालं आता," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं सांगितल्या गोष्टी. सिनेमा काय वाईट असतो?"

अचूकरावांनी गजराचं घड्याळ काढलं.

तीन चाचण्या झाल्या. नऊ मिनिटं, नऊ मिनिटं, आठ मिनिटं पन्नास सेकंद. मग त्यांनी लेबलाच्या कडेला नख घातलं. लेबल सोलून निघालं, आणि खाली दुसरं लेबल निघालं: क्षमता चोवीसशे. ते सोललं. खाली तिसरं: क्षमता सहाशे, खेळण्यातल्या मोटारीसाठी.

"कांदा आहे का बॅटरी?" बाई म्हणाल्या.

प्लॅस्टिकचं कवच फोडलं तेव्हा आत एका कोपऱ्यात करंगळीएवढी बॅटरी अंग चोरून बसली होती, आणि बाकीच्या जागेत बारीक, स्वच्छ, छान चाळलेली वाळू होती. अचूकरावांनी तीही तोलली. एकोणसत्तर ग्रॅम.

"वजन बरोबर होतं हो," ते खाली बसून म्हणाले. "कशाचं ते विचारायचं राहिलं."

तेहतीस वर्षं ज्यांनी दुसऱ्याच्या वजनातलं बूच शोधलं, त्यांच्याच काट्यावर वाळू तोलून गेली. बाईंनी त्यांच्या पुढ्यात चहा ठेवला. अर्धा कपच होता, पण त्या दिवशी त्यांनी मोजला नाही.

एवढ्यावर थांबले असते तर ते अचूकराव कसले! माल खोटा निघाला की काय करायचं हे त्यांना पाठ होतं. त्यांनी पंचनामा लिहिला, चौदा मुद्द्यांचा. बाईंची पंच म्हणून सही घेतली. बॅटरी, वाळू आणि तीन लेबलं वेगवेगळ्या पुड्यांत बांधली, 'अ', 'ब', 'क' अशी खूण केली, गाठींवर लाल लाख वितळवून निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेला शिक्का उमटवला, आणि सगळ्याचे फोटो दुकानाला पाठवले.

उत्तर एका मिनिटात आलं. 'प्रिय ग्राहक, आपल्या पाच ताऱ्यांबद्दल आम्ही आभारी आहोत.'

त्यांनी चौदा मुद्दे परत पाठवले.

'प्रिय ग्राहक, फोटो तपासले. वस्तूवर लाल पदार्थ सांडलेला आहे. सील तोडलेलं आहे. वस्तू परत घेता येणार नाही.'

"तोडलेलं नाही, मी लावलेलं आहे!" अचूकराव मोबाईलवर ओरडले. "अहो, सांगा ना यांना, लावलंय म्हणून!"

"मी सांगून काय उपयोग," बाई म्हणाल्या. "माझा आवाज बघा कसा आहे."

मग त्यांनी आपले पाच तारे काढून एक केला आणि लिहिलं: 'वजन अचूक आहे, पण त्यात वाळू भरलेली आहे.'

बुधवारी दुपारी दार वाजलं. समोरचा शिंपी डोक्याला टॉवेल गुंडाळून उभा होता आणि त्याच्यामागे कोपऱ्यावरचा केशकर्तनवाला, हातात केस कापायचं मशीन घेऊन.

"साहेब," शिंपी म्हणाला, "तुमच्या भरवशावर डोकं दिलं होतं मी."

त्याने टॉवेल काढला. डावी बाजू स्वच्छ, नुकत्याच कापलेल्या गवतासारखी. उजवी बाजू होती तशी.

"मशीनला नवी बॅटरी टाकली हो," केशकर्तनवाला म्हणाला. "निम्म्यात बसली. ही बघा जाहिरात." त्याने मोबाईल पुढे धरला. कोटातले अचूकराव त्यातून गंभीरपणे बघत होते, आणि खाली मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'खुद्द निवृत्त वजनमापे निरीक्षक म्हणतात — लेबल परिपूर्ण. वजन अचूक.' त्याखाली नवी भर होती: 'पुन्हा वापरून पाहिल्यावरही म्हणतात — वजन अचूक आहे!'

"पुढचं वाक्य कापलं," अचूकराव क्षीण आवाजात म्हणाले.

"माझे केस कापले, तुमचं वाक्य कापलं," शिंपी म्हणाला. "दोघंही अर्धेच."

"अरे, मग कात्रीनं पुरं कर ना याचं!" बाईंनी केशकर्तनवाल्याला जवळ बोलावून सांगितलं.

"मी तयार आहे हो बाई. पण हे बसत नाहीत. म्हणाले, आधी साहेबांना दाखवू, पुरावा आहे."

अचूकरावांनी शिंप्याचं डोकं दोन्ही बाजूंनी पट्टीने मोजलं, पंचनाम्यात पंधरावा मुद्दा घातला आणि मगच पुरावा मोकळा केला. संध्याकाळी ते गल्लीत घरोघर गेले. कोणाच्या विजेरीत, कोणाच्या पाळण्यातल्या खेळण्यात, कोणाच्या दाढीच्या यंत्रात, एकूण सहा घरांत त्यांच्या शिफारशीची वाळू पोचली होती. प्रत्येक दारात ते सरळ उभे राहून म्हणाले, "माझी चूक झाली. मी वाचलं, चालवून पाहिलं नाही." लोकांनी त्यांना बसवून चहा दिला. सहाही ठिकाणी त्यांनी तो घेतला. जन्मात पहिल्यांदा.

केशकर्तनवाल्याच्या ओळखीचा एक दुरुस्तीवाला बाजारामागे होता. तो सुट्या बॅटऱ्या जोडून हवी तशी बनवून द्यायचा. "देतो," तो म्हणाला, "पण पुढच्या गुरुवारी. हे हातचं काम आहे."

म्हणजे शनिवार कोरडाच जाणार.

शुक्रवारी बाई म्हणाल्या, "मी उद्या जाऊन सांगते तिला, पडदा लावा म्हणून. उगाच पोर समितीची बोलणी खाते."

"सांगा," अचूकराव म्हणाले. शनिवारी सकाळी त्यांनी ऑफिसचा कोट चढवला.

"तुम्ही कुठे?"

"तुमच्याबरोबर. बॅटरी मी आणली होती. जबाबदारी माझी."

दालनात पडद्याचा भला मोठा खोका भिंतीला टेकून उभा होता. ग्रंथपाल हात मागे बांधून दारात. बाई तिच्याशी बोलायला वळणार, तेवढ्यात अचूकराव मुलांसमोर जाऊन उभे राहिले आणि भर बाजारात छापा घालताना लागायचा तो आवाज त्यांनी लावला.

"शांतता! बाई सांगतील ते मी मोठ्याने सांगेन. बाई, सुरू करा."

पंखा खडखडत होता, पण कोणाला ऐकू आला नाही.

बाई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग खुर्चीवर बसून हळूच म्हणाल्या, "तो राक्षस डोंगराएवढा होता."

"सदर राक्षस डोंगराएवढा होता," अचूकराव गरजले. "डोंगराची उंची दिलेली नाही."

मागच्या रांगेत कोणी तरी फिस्सकन हसलं.

"तुम्ही मधे काही घालू नका हो," बाई म्हणाल्या.

"तुम्ही मधे काही घालू नका हो!" अचूकरावांनी प्रामाणिकपणे पोचतं केलं. सगळं दालन हसलं.

बाईंनी कपाळाला हात लावला, पण त्यांच्याही तोंडाचा कोपरा हलला होता. "राक्षसाने मुलीला मूठभर मोती दिले."

"मूठभर मोती दिले. मूठ कोणाची ते स्पष्ट नाही. राक्षसाची असल्यास चाळीस किलोच्या वर."

"पन्नास!" एक मुलगा ओरडला.

"पुरावा?"

"राक्षस डोंगराएवढा आहे ना!"

"ग्राह्य आहे. पन्नास."

अशी गोष्ट पुढे सरकली. मुलं आता राक्षसाच्या चपलेचं माप, त्याच्या जांभईची लांबी, त्याच्या खिशात मावणाऱ्या मुलांची संख्या ठरवू लागली. बाई तर सराईत. वर्गातला गोंधळ वाया जाऊ द्यायचा नाही हे त्यांना जुनंच ठाऊक. त्यांनी तिथल्या तिथे गोष्टीत एक तराजू आणला, मग तो मोडला, मग पस्तीस मुलांकडून दुरुस्त करवून घेतला.

शेवटी तो क्षण आला. छोटी मुलगी तळहातावर चढली. राक्षस तिच्या कानाशी वाकला. सगळं दालन वाकलं. बाईंनी अचूकरावांना जवळ बोलावलं आणि त्यांच्या कानात सांगितलं, "मला ना, एकट्याला फार भीती वाटते."

अचूकरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. हे ओरडून सांगायचं नाही एवढं त्यांना कळलं. म्हणून त्यांनी खांदे आवळले, मान खाली घातली, आणि जन्मात कधी केलं नव्हतं ते करून पाहिलं. ते कुजबुजले.

"मला ना, एकट्याला फार भीती वाटते."

ती कुजबुज पहिल्या रांगेवरून, मागच्या रांगेवरून, मागच्या भिंतीवरून खिडकीबाहेर गेली आणि रस्त्यावर सायकलवरून चाललेला एक माणूस खाली उतरला.

मग पुढच्या मुलीने किंचाळून सांगितलं, "राक्षस हेच आहेत!"

त्यानंतर जे झालं त्याला गोंधळच म्हणतात. पस्तीस मुलं कोटाला लोंबकळली. मुलं खाली उतरवता उतरवता ग्रंथपाल म्हणाली, "बाई, समितीला काय सांगू?"

"आवाज पोचला का, ते सांग," बाई म्हणाल्या.

"तो गल्लीपार पोचला," ती म्हणाली, आणि पडद्याचा खोका आडवा करून त्यावर मागच्या रांगेतल्या उंच मुलांना बसायला जागा करून दिली.

वाटेत बाईंनी विचारलं, "सदर राक्षस काय?"

"नोंद करताना तसंच म्हणतात," अचूकराव म्हणाले. त्यांचा कोट चुरगळला होता, एक गुंडी गेली होती, आणि ती शोधायला ते मागे फिरले नव्हते.

गुरुवारी दुरुस्तीवाल्याने बॅटरी दिली. चार सुट्या बॅटऱ्या निळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेल्या.

"लेबल?" अचूकरावांनी विचारलं.

"कसलं लेबल? चालते, बस."

ते घरी आले. बाई वाचनालयात पुढच्या गोष्टीसाठी मोठा कागद मागायला गेल्या होत्या. या वेळी त्यांनी काटा काढलाच नाही. बॅटरी स्पीकरमध्ये घातली, माइकसमोर गजराचं घड्याळ ठेवलं आणि बटण दाबलं. टिकटिक घरभर घुमू लागली. दुपारचे दोन वाजले होते. तीन वाजले, चार वाजले. साडेपाचलाही टिकटिक पहिल्यासारखीच. अशी खणखणीत वस्तू, आणि तिच्यावर एक अक्षरही नव्हतं.

अचूकराव बराच वेळ तिच्याकडे बघत बसले. शनिवारी बाई हिच्यावर गोष्ट सांगतील. छानच सांगतील. मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल. आणि ते स्वतः पूर्वीसारखे पिशव्या सांभाळत दाराशी बसतील.

त्यांनी घड्याळ बाजूला केलं. टेबलाच्या खणातून कोरा कागद, खळ आणि लाखेची कांडी काढली.

बाई घरी आल्या तेव्हा ते खिडकीतून बाहेर बघत उभे होते. टेबलावर स्पीकर होता. त्याच्या बॅटरीच्या झाकणावर लाल लाखेचा ताजा शिक्का, आणि त्याशेजारी सुबक अक्षरातलं लेबल. बाई चष्मा लावून ते वाचायला वाकल्या. 'तपासली. अखंड वापर: नऊ मिनिटे. निकामी. उघडू नये.'

"अरेरे," बाई म्हणाल्या.

"अरेरे!" स्पीकर म्हणाला. मांडणीतली भांडी थरथरली.

समोरून शिंप्याने हाक दिली, "काय झालं हो बाई?"

दोघांनीही स्पीकरकडे पाहिलं. हिरवा दिवा लखलखीत जळत होता. अचूकरावांचे कान मात्र लाल झाले, थेट लाखेसारखे. बाईंनी अंगठ्याने अलगद बटण बंद केलं आणि लेबल पुन्हा एकदा, शिकवताना वाचायच्या तसं, शब्दाखाली बोट फिरवत वाचलं.

"नऊ मिनिटं का?" त्यांनी विचारलं.

अचूकराव खिडकीतून वळले नाहीत. "साधारण," ते म्हणाले.

बाईंनी पट्ट्याची गुंडाळी केली आणि स्पीकर कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर, नीट मागे सरकवून ठेवला.

"शिक्का तुमचा आहे, म्हणजे खरंच असणार," त्या म्हणाल्या. "शनिवारी समुद्राची गोष्ट आहे. कोटाची गुंडी लावून घ्या. आणि दर वाक्याला खोली विचारायची नाही."